स्वयंपाकघर आखायला फुकटचं सॉफ्टवेअर कोणतं? आधी सुताराला विचारा

घोडबंदर रोडला किंवा खारघरला नव्या फ्लॅटची चावी हातात पडली, की आठवड्याच्या आत मॉड्युलर किचनवाले दारात उभे असतात. लॅपटॉपवर चकाचक थ्रीडी चित्र दाखवतात. पांढरेशुभ्र शटर, खिडकीतून ऊन, ओट्यावर एकही भांडं नाही. त्यांना म्हणा, "याचं मापांसकट ड्रॉइंग द्या." उत्तर ठरलेलं: "ॲडव्हान्स द्या, मग देतो." मग माणूस घरी येऊन फुकटच्या सॉफ्टवेअरचा शोध घेतो आणि नेमकं त्याच चकाचक चित्रावर भुलून भलतंच काहीतरी उतरवून घेतो.

सॉफ्टवेअर किती सुंदर चित्र काढतं यावर ते निवडू नका. त्यातून निघालेला कागद सुताराच्या हातात दिल्यावर तो तुम्हाला एकही प्रश्न न विचारता प्लाय कापू शकेल का, एवढंच बघा. ही अट लावली की यादीतली निम्मीअधिक नावं आपोआप गळतात.

आधी टेप, मग लॅपटॉप

इमारत महारेरात नोंदलेली असेल तर प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशे सापडतात. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडकोच्या घरांत करारनाम्याला जोडलेला नकाशा असतो. दोन्ही ठेवून घ्या, पण माप म्हणून वापरू नका. नकाशातली मापं बहुतेक वेळा प्लास्टर आणि टाइलच्या आधीची असतात. भिंतीला डॅडो, म्हणजे भिंतीवरच्या टाइल, लावला की टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून पाऊण ते एक इंच जातो. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना लावला तर दीड-दोन इंच गेलेच.

दोन इंचांनी काय होतं म्हणाल, तर हिशेब करा. सात फूट रुंद स्वयंपाकघर, दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचा ओटा. मध्ये कागदावर तीन फूट उरतात. डॅडोनंतर उरतात चौतीस इंच. खालची ट्रॉली वीस इंच बाहेर आली की उभं राहायला चौदा इंच राहतात. पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या मागून कुणी फ्रीजकडे जाईल, ही आशा सोडा. हे चित्रात कधीच दिसत नाही, कारण चित्रातल्या सगळ्या ट्रॉल्या बंद असतात.

प्रत्येक भिंत तीन उंचींवर मोजा: जमिनीलगत, ओट्याच्या पातळीला आणि वरच्या कपाटांच्या पातळीला. तिन्ही आकडे सारखे आले तर बिल्डरला नमस्कार करा. एरवी फरक निघतोच, आणि दोन भिंतींच्या मध्ये बसवायच्या वस्तूसाठी त्यातला सगळ्यात लहान आकडा धरायचा. मग कोपरा गुण्यात आहे का ते तपासा. कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर पेन्सिलीची खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनात. जास्त आलं तर कोपरा उघडा आहे, कमी आलं तर मिटलेला. 'एल' आकाराचा ग्रॅनाइट बसवताना मिस्त्री यावरूनच डोकं धरून बसतो.

याशिवाय कागदावर उतरवायच्या गोष्टी: खिडकीच्या कठड्याची उंची, छताखालचा बीम किती खाली उतरतो, सिंकच्या सांडपाण्याच्या नळीची जागा, पाण्याचे पॉइंट, विजेचे पॉइंट जमिनीपासून किती उंचावर, ड्राय बाल्कनीचं दार कुठल्या बाजूला उघडतं. ठाणे आणि नवी मुंबईत महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर मीटर आणि पाइप कुठून कुठे जातात तेही. ती लाइन आपल्या प्लंबरकडून हलवायची नसते, कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच काम होतं. मीटर आणि व्हॉल्व्ह हवा न खेळणाऱ्या बंद कपाटात कोंडायचे नाहीत. म्हणजे आराखड्यात ती जागा आधीपासूनच अडलेली आहे.

बऱ्याच नव्या टॉवरमध्ये भिंती मायवानच्या असतात, म्हणजे विटांऐवजी सलग काँक्रीटच्या. त्या तोडता येत नाहीत, त्यात खाचाही मारू देत नाहीत. 'ही भिंत काढून ओपन किचन करू' हा विचार सॉफ्टवेअर अगदी आनंदाने करू देतं. सोसायटी आणि इमारतीचा इंजिनीअर करू देत नाहीत. चिमणीच्या पाइपसाठी भोक पाडायचं असलं तरी आधी विचारा.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने मापं घेणारी ॲप्स सोफ्यासाठी ठीक आहेत. ट्रॉलीसाठी नाहीत.

अर्ध्या तासाची परीक्षा

आपल्याकडचा सुतार इंच आणि सुतात बोलतो. एक इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. सुतार मराठी असो, राजस्थानी असो की उत्तर प्रदेशचा, ही भाषा सगळ्यांना येते. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं की पहिलं काम: सात फूट पाच इंच तीन सूत, म्हणजे २२७० मिलिमीटर लांबीची एक भिंत काढून बघा. माऊस ओढत ओढत "साधारण तेवढी" आली तर उपयोग नाही, आकडा टाइप करता आला पाहिजे.

दुसरं, तयार यादीतलं एक कपाट आणून त्याची उंची बदलून बघा. बदलत नसेल तर ते सॉफ्टवेअर त्याच्या कपाटांचं आहे, तुमच्या घराचं नाही. तिसरं, मापाची रेघ काढून ती पीडीएफमध्ये छापून येते का ते बघा. कित्येक ऑनलाइन साधनांत स्क्रीनवर मापं दिसतात, पण मोफत खात्यातून काढलेल्या चित्रात येत नाहीत, किंवा वर भलंमोठं कंपनीचं नाव उमटतं. चौथं, काम जतन करा, सगळं बंद करा आणि दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडा. फाइल तुमच्या संगणकावर आहे की त्यांच्या सर्व्हरवर, हे तेव्हा कळतं. किचनचं काम महिनाभर रेंगाळतं. मधल्या काळात मोफत खात्याचे नियम बदलले तर फाइल हाताशी असलेली बरी.

या परीक्षेत माझ्या मते पहिलं येतं ते स्वीट होम थ्रीडी.

स्वीट होम थ्रीडी: दिसायला साधं, कामाला चोख

इमॅन्युएल प्युबारे या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००६ साली हे आणलं. ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, इंटरनेटशिवाय चालतं. डाउनलोड त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच करा. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलच्या स्टोअरमध्ये दिसते ती पैसे देऊन घ्यायची आवृत्ती. तिच्यात फर्निचरचे नमुने जास्त असतात इतकंच, आणि जादा नमुने मूळ संकेतस्थळावरून वेगळे उतरवताही येतात. किचनसाठी तुम्हाला त्यांची फारशी गरज पडणार नाही. का, ते पुढे सांगतो.

उघडल्यावर आधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकक बदला. तिथे इंच निवडला की मापं अपूर्णांकात, इंचाच्या आठव्या भागापर्यंत दिसतात. म्हणजे थेट सुतात. फ्रेंच माणसाने आपल्या सुताराची केवढी सोय केली आहे, त्याला पत्ताही नसेल.

मग नकाशाचा सरळ वरून काढलेला फोटो किंवा पीडीएफमधलं चित्र प्लॅन मेनूतून पार्श्वभूमी म्हणून आणा. सॉफ्टवेअर एक रेघ दाखवून विचारतं की ही प्रत्यक्षात किती लांब आहे. ती रेघ चित्रातल्या एखाद्या भिंतीवर बसवा आणि टेपने मोजलेलं माप घाला, नकाशावर छापलेलं नव्हे. एकटं स्वयंपाकघरच काढायचं असेल तर ही पायरी सरळ गाळा, चार भिंतींसाठी नकाशा कशाला.

भिंती काढताना जाडी आणि उंची आधी भरून घ्या. भिंत ओढायला सुरुवात केली की एंटर दाबा, लांबी आणि कोन टाइप करायची चौकट येते. एक गोष्ट लक्षात ठेवा: हे सॉफ्टवेअर भिंतींना आपोआप पंधरा अंशांच्या पटीत सरळ करतं. तुमचा कोपरा गुण्यात नसेल तर ते तुमची वाकडी भिंत गुपचूप काटकोनात आणून ठेवेल, आणि नेमका तोच फरक तुम्हाला दाखवायचा असतो. हे मॅग्नेटिझम प्रेफरन्सेसमधून बंद करता येतं, किंवा कोनाचा आकडा हाताने घालता येतो.

आता कपाटं. यादीतली तयार कपाटं, सिंक, ओव्हन वगैरे दिसायला छान आहेत, पण आपला ओटा तसा नसतो. यादीत एक साधा खोका मिळतो. तो घ्या. त्याची रुंदी, खोली, उंची आणि जमिनीपासूनचं अंतर असे चार आकडे भरले की त्यातून काहीही बनतं: ग्रॅनाइटची फळी, वरचं कपाट, छताखालचा बीम, गॅसचा मीटर, आरओ, अगदी फ्रीजसुद्धा. प्रत्येक खोक्याला मराठीत नाव द्या: 'डबे', 'कुकर', 'तेल-मसाले', 'ताटं'. ही नावं आणि मापं खालच्या यादीत आपोआप जमतात, तीच पुढे सुताराला द्यायची यादी.

ग्रॅनाइटचा वेगळा खोका जरूर काढा. ओट्याची उंची म्हणून सांगितलेल्या आकड्यात दगड धरलाय की नाही, यावरून इतके घोळ होतात की विचारू नका.

बिल्डरने दिलेला ओटा ठेवणार असाल तर खाली कडप्प्याचे खण असतात. कडप्पा ओळंब्यात असेलच असं नाही. खण पुढून वीस इंच आणि मागून साडेएकोणीस, असं सर्रास निघतं. प्रत्येक खण पुढून, मागून, वरून, खालून मोजा आणि चारांतला लहान आकडा घ्या. दुकानात स्टीलच्या ट्रॉल्या ठरावीक रुंदीत येतात: १५, १७, १९, २१ इंच, आणि खोली बहुतेक वीस. ट्रॉली ज्यावर सरकते त्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच लागतो. म्हणजे १९ इंची ट्रॉलीला आतून मोकळे वीस इंच हवेत. साडेएकोणीसच्या खणात ती जाणार नाही, १७ची घ्यावी लागेल, आणि उरलेले दीड इंच सुतार पट्टी मारून भरेल.

ओटा तोडून प्लायची कपाटं करणार असाल तर हिशेब सोपा होतो. ६०० मिलिमीटरच्या कपाटातून १८-१८च्या दोन बाजू गेल्या की ५६४ उरतात, म्हणजे बावीस इंच आणि वर थोडंसं. त्यात २१ इंची ट्रॉली चॅनेलसकट बसते आणि दीड सूत मोकळं राहतं. सिंकखालच्या कपाटाला तरी आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय वापरा, आपल्याकडच्या पावसाळ्यात स्वस्त प्लाय फुगतो. सॉफ्टवेअरला पाऊस माहीत नसतो.

उंचीसाठी पुस्तकी आकडा घेऊ नका. घरात जास्त वेळ स्वयंपाक करणारी व्यक्ती हात कोपरात वाकवून उभी राहू दे. कोपरापासून जमिनीपर्यंतच्या मापातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ३२-३३ इंच येतात. ओट्यापासून वरच्या कपाटांच्या तळापर्यंत वीस ते चोवीस इंच मोकळे ठेवा आणि ती कपाटं बारा-चौदा इंचांपेक्षा खोल करू नका, नाहीतर कपाळ आपटतं. चिमणी शेगडीपासून किती वर, ते त्या चिमणीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेकांत चोवीस ते तीस इंचांच्या आसपास.

मग ट्रॉल्या उघडा, म्हणजे प्रत्येक ट्रॉलीसमोर वीस इंच खोल एक खोका काढा आणि त्याला फिकट रंग द्या. फ्रीजच्या दारासाठीही तसाच. दोन फिकट खोके एकमेकांवर चढले, की तिथे रोज भांडण होणार हे समजा. 'एल' ओट्याच्या कोपऱ्यात हे हमखास होतं, एका बाजूची ट्रॉली दुसऱ्या बाजूच्या हँडलला अडते. उपाय एवढाच की कोपऱ्यालगत दोन-तीन इंचांची आंधळी, म्हणजे न उघडणारी, पट्टी सोडायची.

शेवटी थ्रीडी. या सॉफ्टवेअरमध्ये घरात फिरणारा एक माणूस असतो आणि त्याच्या डोळ्यांची उंची बदलता येते. स्वयंपाक करणारी व्यक्ती पाच फुटांची असेल तर ती साधारण चार फूट आठ इंच ठेवा आणि तिला ओट्यासमोर उभी करा. वरच्या कपाटाचा दुसरा खण दिसतो का? सहा फुटी नवऱ्याने लॅपटॉपवर मंजूर केलेली कपाटं बायकोच्या हाताला लागत नाहीत, हा प्रकार या एका आकड्याने टळतो. सासूबाई आणि सून दोघी स्वयंपाक करत असतील तर दोघींच्या उंचीने बघा.

स्केचअप फ्री: सवड असेल तर

ट्रिम्बल कंपनीचं हे सॉफ्टवेअर एकेकाळी गूगलकडे होतं. संगणकावर उतरवायची मोफत आवृत्ती २०१७च्या 'मेक'पाशी थांबली, आता मोफत मिळतं ते ब्राउझरमध्ये चालणारं. फक्त स्वतःच्या घरगुती वापरासाठी. आकडा टाइप करून नेमकं माप देता येतं, आणि एखाद्या अवघड कपाटाचं आतलं पोट, म्हणजे फळ्या, खाचा, चॅनेलची जागा, सुताराला दाखवायची असेल तर याला तोड नाही. पण हात बसायला वेळ लागतो, आणि चाकवाला माऊस नसेल तर वैताग येतो. सुरुवातीलाच एक सवय लावा: प्रत्येक कपाट काढून झालं की लगेच त्याचा ग्रुप करा. नाहीतर शेजारची दोन कपाटं एकमेकांना चिकटतात आणि एक हलवलं की दुसरं ताणलं जातं. कापायच्या तुकड्यांची यादी काढून देणारी जोडसाधनं मोफत आवृत्तीत चालत नाहीत.

पूर्ण स्वयंपाकघर स्वीट होममध्ये आणि एखादा अवघड कोपरा स्केचअपमध्ये, अशी वाटणी मला बरी वाटते.

आयकियाचा प्लॅनर

डिसेंबर २०२० मध्ये तुर्भ्याला आयकिया सुरू झाल्यापासून नवी मुंबईत याची चर्चा फार. प्लॅनर मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतो आणि निवडलेल्या वस्तूंची किंमत जोडून दाखवतो, हे खरंच सोयीचं. पण तो त्यांच्याच कपाटांचा आहे. कपाटं ४०, ६०, ८० सेंटीमीटर अशा ठरावीक रुंदीची. पाय ८ सेंटीमीटर, सांगाडा ८०, वर फळी, मिळून उंची जवळपास छत्तीस इंच होते. वर काढलेल्या बत्तीस-तेहतीस इंचांशी ताडून बघा. कडप्प्याचा ओटा त्याच्या गावीही नाही. तिथूनच घेणार असाल तर हाच वापरा. नसाल तर खर्चाचा अंदाज घ्या आणि बाहेर पडा.

रंगांसाठी बाकीचे

प्लॅनर फाइव्ह डी, होमस्टायलर, फ्लोअरप्लॅनर ही मंडळी चित्रं सुरेख काढतात. हिरवं लॅमिनेट घ्यायचं की अबोली, यावर घरात दोन तट पडले असतील तर एक संध्याकाळ यात घालवा. बऱ्याच वस्तू आणि चांगल्या प्रतीची चित्रं पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे मोफत खात्यात जेवढं मिळतं तेवढ्यावर थांबा, कार्डाचा नंबर देऊ नका. लॅमिनेट मात्र दुकानातून नमुना घरी आणून ट्यूबलाइटखाली बघितल्याशिवाय ठरवू नका. फ्रीकॅड आणि ब्लेंडर हीसुद्धा मोफत आणि जबरदस्त सॉफ्टवेअर आहेत, पण एका ओट्यासाठी ती शिकायला बसलात तर गणपती येऊन जातील.

सुताराच्या हातात काय द्यायचं

चार कागद पुरतात. पहिला वरून दिसणारा नकाशा, त्यावर मापाच्या रेघा. दुसरा आणि तिसरा ओट्याच्या दोन बाजूंची समोरून दिसणारी चित्रं, प्रत्येक कपाटावर रुंदी आणि उंची लिहिलेली. हे थ्रीडी दृश्यातून काढून मापं पेनाने लिहिली तरी चालतं, सुताराला हस्ताक्षराचं वावडं नसतं. चौथी ती नावांची आणि मापांची यादी. स्वीट होमच्या पेज सेटअपमध्ये प्रमाण ठरवता येतं. एकास वीस ठेवलं तर लहान स्वयंपाकघर ए-फोर कागदावर मावतं, आणि पट्टी लावली की एक सेंटीमीटर म्हणजे वीस सेंटीमीटर. प्रिंट काढताना 'पानाला बसेल असं' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा. फोटो दाबला जाऊन तिनाचे आठ होतात. प्रत्येक बदलानंतर फाइल नव्या तारखेच्या नावाने जतन करा आणि कागदावर तीच तारीख छापा, म्हणजे सुताराच्या खिशात जुना कागद आहे की नवा ते एका नजरेत कळतं.

प्लाय आणण्याआधी सुताराला घरी बोलवा. खडूने जमिनीवर ओट्याची आणि उघड्या ट्रॉल्यांची रेघ मारा आणि त्याच्याच टेपने त्याला प्रत्येक खण मोजायला लावा. त्याचा आकडा आणि तुमचा आकडा एका सुतापेक्षा जास्त वेगळा आला, तर तो खण दोघांनी मिळून पुन्हा मोजा. सगळं जुळलं की त्या तारखेच्या कागदावर त्याची सही घ्या आणि मगच ॲडव्हान्स द्या.